जुना डबा, नवा लिनक्स... पण आधी विचारा तरी!

तर मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. पुढे काही काळ सिक्युरिटी अपडेट मिळवायची वाढीव योजना आहे म्हणा, पण ती मलमपट्टी. विंडोज ११ वर जावं तर त्याला टीपीएम २.० पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे २०१५-१६ साली हौसेने घेतलेला पीसी, ज्यात काहीही बिघडलेलं नाही, तो अधिकृतपणे बाद. नवीन घ्या म्हणे!

अशा वेळी आपण आयटीवाले काय करतो? गावी जातो, "बाबा, लिनक्स टाकून देतो, फुकट आहे" म्हणतो, शनिवारी पेनड्राइव्ह लावतो आणि रविवारी रात्रीच्या बसने पुण्याला परत. सोमवारी सकाळी फोन... प्रिंटर कुठे गेला?

माझं मत विचाराल तर लिनक्स जरूर टाका. पण कुठला डिस्ट्रो यावर मित्रांशी तासभर भांडण्याआधी एक साधा प्रश्न विचारा. त्या खुर्चीत बसणारा माणूस दिवसभर करतो काय?

बातम्या, यूट्यूब, मेल, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, कधीतरी एखादं पत्र? मग डोळे मिटून लिनक्स मिंट टाका, एक्सएफसीईवालं. ४ जीबी रॅमवर नीट चालतं, आणि २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पण टॅलीवर हिशेब असतील तर थांबा. टॅली विंडोजसाठीच बनतं. कुठे डिजिटल सिग्नेचरचा डोंगल लागत असेल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर चालतो का, ते आधी बघा.

आणि खरी गोची मराठीची! युनिकोड टायपिंगची अडचण नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच मिळतो. पण एखाद्या काकांनी पंधरा वर्षं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये सोसायटीची इतिवृत्तं टाइप केली असतील तर? या फाँटांमागे युनिकोड नसतो. फाँट नसला की त्या फाइलीत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाँट कॉपी केला तर वाचता येईल, पण पुढचं टायपिंग? बोटांना बसलेली सवय काही फॉरमॅट होत नाही. त्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायच्या, मग जोडाक्षरं नि रफार डोळ्यांनी तपासायचे. हे काम एका वीकेंडचं नाही. ते करायची तयारी नसेल तर त्यांच्या मशीनला हात लावू नका, अगदी स्पष्ट सांगतो.

बाकी "लिनक्समुळे मशीन पळायला लागलं" यातलं बरंच श्रेय सोबत बसवलेल्या एसएसडीचं असतं. (लिनक्सभक्तांनी रागावू नये, मीही त्यातलाच.) म्हणून आधी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, लिनक्स तिच्यावर टाका आणि जुनी डिस्क तशीच कपाटात ठेवा. महिनाभरात नाही जमलं तर परत लावता येते. त्याआधी पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर बघून घ्या.

आणि हो, माळ्यावरचा तो पेंटियम फोर! मिंटच्या मुख्य आवृत्तीने ३२ बिट २०२० मध्येच सोडलं, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्याचा इन्स्टॉलरही काढून टाकला. तो मात्र आता ई-कचरावाल्याकडे जाऊ द्या.