दोनशे एकाव्वा पॉइंट



आपल्या घराघरात आता कुणी ना कुणी संगणकाचं शिकतं आहे. मुलगा, मुलगी, नाहीतर सून. त्यांच्या तोंडी स्टॅक ओव्हरफ्लो हे नाव येतंच. प्रोग्रॅम लिहिताना अडलं की तिथे प्रश्न विचारायचा आणि ज्याला येतं त्याने फुकट उत्तर द्यायचं, असा हा व्यवहार २००८ पासून चालू आहे. उत्तर देणाऱ्याला पैसे नाहीत, पॉइंट मिळतात. त्या पॉइंटना तिथे ‘रेप्युटेशन’, म्हणजे चक्क प्रतिष्ठा, म्हणतात. ही प्रतिष्ठा एका दिवसात किती कमवायची यालाही तिथे मर्यादा आहे आणि त्या मर्यादेवर बोटं मोडणारे पुष्कळ आहेत. मी आज तिची बाजू घेणार आहे. आणि ती पुरेशी नाही, हेही सांगणार आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. तुमचं उत्तर कुणाला आवडलं, त्याने पसंतीचं मत दिलं, की तुमच्या खात्यात १० पॉइंट. नापसंती आली की २ वजा. पण दुसऱ्याच्या उत्तराला नापसंती देणाऱ्याचाही १ पॉइंट कापला जातो. हा नियम मला फार आवडतो. परनिंदा तिथे फुकट नाही! ओळखीतल्या कुणी तुमच्यावर धडाधड पसंत्यांचा वर्षाव केला, तर यंत्रणा तो हेरते आणि ते पॉइंट काढून घेते. आणि मुख्य नियम असा, की पसंतीच्या मतांतून एका दिवसात २०० पर्यंतच पॉइंट मिळतात. वीस पसंत्या झाल्या की त्या दिवसाचं माप भरलं. नवा दिवस आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला सुरू होतो.

तक्रार अशी, की काम आम्ही केलं, लोकांना आवडलं, मग मोजणी का थांबवता? हा अन्याय नाही का?

नाही. नीट बघा, काय थांबतं आणि काय थांबत नाही. एकविसावी पसंती उत्तराच्या शेजारी दिसतेच. पन्नासावीही दिसते. चांगलं उत्तर कोणतं हे वाचणाऱ्याला कळतं, त्याचं काहीच नुकसान होत नाही. थांबते ती फक्त उत्तर देणाऱ्याच्या नावावरची बेरीज. म्हणजे ज्ञानाला मर्यादा नाही, मानाला आहे. यात अन्याय कुठे आला?

शिवाय पसंती नेहमी कष्टाला मिळते असं नाही. सोपा, सगळ्यांना पडणारा प्रश्न असेल तर त्याच्या दोन ओळींच्या उत्तरावर मतांचा पाऊस पडतो. कुणीतरी अर्धा दिवस घालवून एखाद्या अवघड, क्वचित येणाऱ्या अडचणीचा उलगडा करतो, त्याला दोन मतं मिळतात. एका दिवसाच्या गर्दीने पहिल्याला डोक्यावर घेऊन दुसऱ्याला झाकून टाकू नये, म्हणून ते माप आहे. स्वयंपाकघरात आपल्याला हे कुणी शिकवायला नको. पाहुणे जिलबीची तारीफ करतात, रोजच्या वरणभाताची नाही.

या मर्यादेला जे अपवाद आहेत, तेही बघण्यासारखे आहेत. ज्याने प्रश्न विचारला त्यानेच ‘माझी अडचण या उत्तराने सुटली’ अशी खूण केली, तर १५ पॉइंट मिळतात आणि ते दोनशेत धरत नाहीत. कुणी स्वतःच्या पॉइंटमधून बक्षीस लावलं असेल, तर तेही धरत नाहीत. म्हणजे बघ्यांच्या टाळ्यांना माप आहे, ज्याचं दुखणं बरं झालं त्याच्या शब्दाला नाही. जॉन स्कीट हे गृहस्थ जानेवारी २०१८ मध्ये तिथे दहा लाख पॉइंट ओलांडणारे पहिले ठरले. गणित करून बघा. सप्टेंबर २००८ पासून तोवर साधारण ३,४०० दिवस होतात. रोज न चुकता दोनशे मिळवले तरी ६ लाख ८० हजार. उरलेले तीन लाखांहून अधिक पॉइंट मर्यादेबाहेरूनच आले असले पाहिजेत. मर्यादा काम करू देत नाही म्हणणाऱ्यांना हे एवढं उत्तर पुरे.

आता माझं भांडण. दिवसाला माप आहे, पण आयुष्याच्या ढिगाला नाही. पॉइंट जुने झाले म्हणून कमी होत नाहीत. २००९ साली कुणी एका सोप्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलं असेल, तर ते आजही पॉइंट आणत राहतं, मुदत ठेवीच्या व्याजासारखं. बरं, हे पॉइंट नुसते मिरवायचे असते तर मी गप्प बसले असते. तिथे पॉइंट म्हणजे अधिकार. नवीन माणूस १ पॉइंटवर सुरू करतो. पसंतीचं मत द्यायला १५ लागतात. दुसऱ्याच्या उत्तराखाली शेरा लिहायला ५०. प्रश्न बंद करा असं मत द्यायला ३,०००. म्हणजे काल शिकायला लागलेल्या आपल्या मुलीचा प्रश्न ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवणाऱ्याचं वजन दहा वर्षांपूर्वीच्या पुंजीचं असू शकतं. आज तो काही काम करतो की नाही, हे कुणी विचारत नाही.

हे मला चुकीचं वाटतं. अधिकार हवा तर तो अलीकडच्या कामावर द्या. जुन्या कामाचा मान ठेवा, पण मान आणि सत्ता यांचं खातं वेगळं असू द्या. हे अशक्य नाही. स्लॅशडॉट नावाच्या जुन्या चर्चास्थळाने एकूण बेरजेवरच ५० ची मर्यादा घातली होती. पुढे तर आकडा दाखवणंच बंद करून त्याजागी ‘उत्कृष्ट’ अशासारखा नुसता शेरा ठेवला. आकडा दिसेनासा झाला की शर्यतही मंदावते.

याच स्लॅशडॉटने आणि पुढे रेडिटने आपल्या पॉइंटना नाव दिलं ‘कर्म’. आपला शब्द उचलला, अर्थ मात्र उलटा केला. तिथे कर्म वाढलं की माणूस मोठा. आपल्याकडे कर्म म्हणजे आत्म्याला चिकटणारं पुद्गल, कषायाने घट्ट होणारं. पुण्यसुद्धा शेवटी सोन्याची बेडीच. पॉइंटांना शास्त्रातलं नाव द्यायचंच असेल तर फार तर यशःकीर्ती नामकर्म म्हणा, आणि त्याच्यामागे मान कषाय दबा धरून बसलेला असतो हेही सांगा.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रहपरिमाण आहे. त्यात मर्यादा आपली आपण घालायची असते. यंत्राने घातलेली मर्यादा हात थांबवते, हाव थांबवत नाही. तिने एक काम मात्र नक्की होतं, ती परीक्षा घेते. दोनशे भरल्यावर संध्याकाळी एखाद्या अडलेल्या पोरीचा प्रश्न समोर आला, तर उत्तर द्याल की पहाटे साडेपाचची वाट बघाल? वाट बघणारा पॉइंटसाठी लिहीत होता. उत्तर देणारा ज्ञानदान करत होता.

तेव्हा घरातलं कुणी ‘आज माझे एवढे पॉइंट झाले’ असं कौतुकाने सांगत आलं, तर कौतुक जरूर करा, पण लगेच विचारा, ‘आणि माप भरल्यावर कुणाला मदत केलीस?’ आपल्या मंदिराच्या भिंतीवर बोली घेणाऱ्यांच्या नावांचा फलक असतो. पंचकल्याणकाच्या दिवसांत पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या बायांचा फलक कुठेच नसतो, म्हणून त्यांनी लाटणं खाली ठेवलंय का कधी? त्या पोळ्या म्हणजेच दोनशे एकाव्वा पॉइंट. तो कुठल्याच खात्यात जमा होत नाही, आणि पंगत उठते ती त्याच्याच जोरावर.