कयाक नंतर, आधी पाण्यात पड

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "खाला, मासे धरायला कयाक घेतोय. लई भारी दिसतीया. तू अम्मीला समजव."

मी विचारलं, "पोहता येतं का तुला?"

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "लाइफ जॅकेट असतंय की."

या उत्तरानेच मी घाबरले. हल्ली असा छंद लागलेली पोरं मला वर्गाबाहेर पुष्कळ भेटतात. व्हिडिओ पाहून त्यांना गळाची दोरी, रॉड, रीळ सगळं पाठ असतं, पण पाण्याची ओळख नसते. दोष एकट्या पोरांचाही नाही. माझे अब्बा रविवारी पंचगंगेच्या घाटावर गळ टाकून बसायचे, तेव्हा शेजारी मुलं पाठीला डबा बांधून पोहायला शिकत. आम्ही मुली पायऱ्यांवर कपडे सांभाळत बसायचो. आता नदीत सांडपाणी येतं, मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात, आणि कोणतेच आईबाप पोराला पाण्यात उतरू देत नाहीत. नाव घेण्याइतका पैसा हातात आला आणि पोहणं मात्र सुटलं. मी स्वतः एक्केचाळिसाव्या वर्षी बायकांच्या बॅचमध्ये शिकले, त्यामुळे हे बोलायचा हक्क मला जरा उशिराच मिळालाय.

लाइफ जॅकेट हवंच, आणि ते पट्टे आवळून अंगात हवं, नावेत बुडाखाली घेऊन बसायला नव्हे. पण जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं, परत नावेत चढवत नाही. तारकर्लीला मी एकदा कयाकमध्ये बसले आणि काठावरच्या बहिणीला हात दाखवायला वळले, तशी पाण्यात. पाणी कमरेएवढं, म्हणून हसण्यावारी गेलं. तरीही परत चढताना तीनदा घसरले. उलटलेली कयाक सरळ करायची, पोट आडवं टाकून पाय मारत वर सरकायचं, मग हळूच फिरून बसायचं, हे उथळ पाण्यात दहा वेळा करून पाहिल्याशिवाय रॉडला हात लावू नये. नवख्याने आत पाय घालून बसायची घेऊ नये, वरच बसायची रुंद कयाक घ्यावी. ती सहजी उलटत नाही आणि उलटली तरी पाणी भरून बुडत नाही.

आपल्याकडे पाण्यावर तरंगायची हौस काही नवी नाही. गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसं याच जिल्ह्यातली. धरणांवर थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे मच्छिमारही आहेत. ज्याला मासे धरायचेत त्याने व्हिडिओ बाजूला ठेवून त्यांच्याजवळ चार सकाळी बसावं. आणि तलावाच्या मासेमारीचा ठेका कोणत्या मच्छिमार संस्थेकडे आहे, आपल्याला परवानगी कुणाची लागेल, हेही तिथेच विचारावं. आपण गंमत म्हणून जातो, त्यांची चूल त्यावर असते.

नदीचं मात्र मी भाच्याला सरळ नाही म्हणाले. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्या गावाचं नाव देशभर घेऊन गेला, पण छोट्या नावेला त्याच्यासारखा दुष्मन नाही. वरून पाणी शांत वाटतं. बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी खाली गोल फिरतं आणि हाती लागलेली वस्तू परत भिंतीकडेच ओढतं, मग चांगला पोहणाराही दमतो. पावसाळ्यात तर विषयच नको. राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. 2019 चा महापूर ज्याने पाहिला त्याला मी काय सांगणार.

माशांचं म्हणाल तर सुरुवात चिलापीने करावी, गांडूळ किंवा कणकेच्या गोळीला ती लागते. मरळ हवी असेल तर कयाकचा खरा उपयोग तिथे आहे. मरळ गवताच्या कडेला असते आणि हवा घ्यायला वर येते. वल्ह्याचा आवाज न करता तिथवर जाता येतं. पण तिच्याभोवती पिल्लांचा लालसर थवा दिसला तर गळ गुंडाळून परत यावं. ती राखण करत असते. खायचा तेवढाच मासा धरावा. नुसत्या फोटोसाठी जिवाच्या तोंडात आकडा अडकवणं मला पटत नाही, मग तो मासा सोडून दिला तरी.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "खाला, तू तर मला शाळेतच बसवलंस." तरी सोमवारपासून तो पोहण्याच्या बॅचला जातोय. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात धापा टाकत बाहेर आला. कयाकचं पान त्याच्या मोबाइलमध्ये अजून उघडंच आहे, आणि त्याची अम्मी रोज मला विचारते, "ती नाव कितीला पडती गं?"