पदवी दुसरी, ओढ भूगोलाची

“बी.कॉम. झाल्यावर भूगोल? म्हणजे आता देशांच्या राजधान्या पाठ करणार काय?” वेगळ्या विषयाची पदवी हातात घेऊन भूगोलाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींना आपल्याकडे हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. दोष विचारणाऱ्याचाही नाही. शाळेत भूगोल भेटतो तो इतिहासाचा धाकटा भाऊ म्हणून. कोऱ्या नकाशात नद्या भरायच्या, कुठे कापूस आणि कुठे ताग ते घोकायचे, आणि दहावी झाली की वही रद्दीत. मग पदवीनंतर कोणी पुन्हा त्याच विषयाचे नाव काढले की घरच्यांना वाटते, पोर भरकटले.

मला मात्र हे पटत नाही. भूगोल हा विषय बऱ्याच अंशी दुसऱ्या घरांतून आलेल्या माणसांनीच उभा केला आहे. आणि आज गोव्याला ज्या भूगोलाची गरज आहे, तो घडवायला अशी माणसे हवीच आहेत. अट एकच, त्यांनी पुस्तकाबरोबर पायही वापरले पाहिजेत.

आधुनिक भूगोलाचा पाया घालणाऱ्यांत ज्याचे नाव आधी घेतात तो अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट खाणशास्त्र शिकलेला, प्रशियाच्या सरकारी नोकरीत खाणींचा निरीक्षक होता. फ्रान्समध्ये प्रादेशिक भूगोलाची परंपरा रुजवणारा विदाल द ला ब्लाश मूळचा इतिहासाचा विद्यार्थी. खंडे सरकतात असे १९१२ साली मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरची डॉक्टरेट खगोलशास्त्रातली आणि काम हवामानशास्त्रातले. या बाहेरच्या माणसाला खडकांतले काय कळते, अशा सुरात अनेक भूवैज्ञानिकांनी त्याला उडवून लावले. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात तो वारला. पुढे १९६० च्या दशकात समुद्रतळाचे पुरावे हाती आले तेव्हा त्याची मूळ कल्पना खरी ठरली. आणि १८५४ साली लंडनमधल्या पटकीच्या साथीतले मृत्यू नकाशावर मांडून एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवणारा जॉन स्नो तर व्यवसायाने डॉक्टरच होता.

इतके लांब जायचीही गरज नाही. आपले दामोदर धर्मानंद कोसंबी घ्या. १९०७ साली गोव्यात कोसबें येथे जन्मलेले, १९२९ साली हार्वर्डची पदवी घेतलेले हे गणिती. पण पुण्याच्या आसपासचे डोंगर त्यांनी पायी तुडवले, अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारे वेचली, आणि कार्ले, जुन्नरची लेणी नेमकी त्या जागी का, याचे उत्तर घाटवाटांत आणि जुन्या व्यापारी मार्गांत शोधले. १९६२ साली आलेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या गावकरीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात. पण जमीन, पाणी आणि वाट यांच्यापासून सुरुवात करून माणसापर्यंत यायची त्यांची रीत भूगोलाचीच नाही काय?

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाहेरून येणारा माणूस नवा प्रश्न आणतो, तसा कधी कधी जुना चष्माही आणतो. जर्मनीचा फ्रीडरिश रात्सेल प्राणिशास्त्र शिकून भूगोलात आला. राज्य म्हणजे जणू एक सजीव प्राणी, त्याला वाढायला जागा लागतेच, अशा धर्तीची मांडणी त्याने केली. पुढे याच ‘जीवनावकाशा’च्या कल्पनेला नाझींनी कसल्या वापरात आणले ते जगाने पाहिले. एका शास्त्रातला नियम उचलून दुसऱ्यावर चिकटवला की असा धोका असतो. म्हणून वाणिज्याच्या पदवीधराने सगळी जमीन ताळेबंदात मोजू नये आणि संगणकाच्या पदवीधराने पडद्यावर दिसते तेवढेच गाव असे समजू नये.

यावर उपाय जुनाच आहे, चालणे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर. आपला गाव त्यात शोधावा आणि समोच्च रेषा बघत बघत सड्यावरून खाली खाजनापर्यंत उतरावे. रेषा जिथे दाटीने येतात तिथे आपला दमही वाढतो. हे एकदा पायांना कळले की नकाशा वाचायला शिकवावे लागत नाही. वेगळ्या पदवीच्या विद्यार्थ्याला सगळ्यात अवघड जातो तो प्राकृतिक भूगोल, म्हणजे खडक, वारे, पाऊस, भरती-ओहोटी. त्याला बगल देऊन चालणार नाही. सहावी ते बारावीची पाठ्यपुस्तके पुन्हा उघडायची लाज वाटू नये. हे शुल्क प्रत्येकाने भरलेच पाहिजे.

गोव्याला याची गरज का, ते आता पाहू. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ हा २००६ साली अधिसूचित झाला आणि त्याविरुद्ध लोक उठले. गोवा बचाव अभियानाचे निमंत्रक डॉ. ऑस्कर रिबेलो पेशाने वैद्य. तेव्हा गावोगावी गृहिणी, शिक्षक, शेतकरी नकाशातले रंग वाचायला शिकले. कुठला रंग बागायतीचा, कुठला वसाहतीचा, आणि आपल्या डोंगराचा रंग कोणी बदलला, हे विचारू लागले. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पण प्रश्न तिथे मिटला नाही. नगरनियोजन कायद्यात २०२३ साली १७(२) आणि २०२४ साली ३९अ ही कलमे आली आणि भूखंडागणिक जमिनीचा विभाग बदलण्याचा वाद नव्याने पेटला. दर वेळी आंदोलन उभे राहिल्यावर नकाशा शिकायचा की आधीच शिकून ठेवायचा?

म्हादईचेच घ्या. लवादाने २०१८ साली कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पण मांडवीत भरतीचा परिणाम गांजेपर्यंत, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर आत जाणवतो. वरून येणारे गोडे पाणी घटले तर खारे पाणी किती आत चढेल, आणि त्याचा परिणाम कोणत्या बांधांवर, कोणत्या विहिरींवर होईल, हा प्रश्न खानापूरच्या डोंगरापासून पणजीच्या मुखापर्यंत सगळे एकत्र पाहिल्याशिवाय सुटत नाही. एकत्र पाहणे हेच तर भूगोलाचे काम. कायद्याचा पदवीधर हे शिकला तर न्यायालयात त्याचा शब्द जड होईल. बेळगावकडच्या आपल्या मराठी बांधवांनाही हे लागू आहे. नदी एकच, नुसते तट दोन.

वाणिज्याचा विद्यार्थी असेल तर मानशीच्या पावणीचे आणि कोमुनिदादच्या जमिनींचे हिशेब त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला समजणार? बांध कोण राखतो आणि मासळीचे पैसे कोणाला मिळतात, यावर खाजन जगते की मरते ते ठरते. साहित्याच्या विद्यार्थ्यापाशी तर शब्दांचे भांडार आहे. सडा, मोरड, खाजन, पोंय, कुळागर, जुवें. यातला प्रत्येक शब्द जमिनीची उंची, ओल, माती आणि वापर एका दमात सांगतो. सरकारी कागदात यातल्या सड्याची ‘पडीक जमीन’ होते आणि मग ती विकायला सोपी जाते. शब्द राखणारा माणूस इथे जमीनही राखू शकतो. गणिताच्या पदवीधरासाठी एक कोडे सांगतो. भारताच्या किनाऱ्याची लांबी वर्षानुवर्षे ७,५१६ किलोमीटर सांगितली जात होती, फेरमोजणीनंतर आता ती ११,०९८ झाली आहे. समुद्र काही लांबला नाही, मोजपट्टी बारीक झाली!

राहिला प्रवेशाचा प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार पदवीचा विषय कोणताही असला तरी त्या विषयाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणारा एम.ए.ला पात्र ठरू शकतो. तरी प्रत्येक विद्यापीठाची अट वेगळी असते. त्यामुळे अर्ज करण्याआधी प्रवेशपुस्तिका नीट वाचावी. माझे मत विचाराल तर दार बंद ठेवण्यापेक्षा सुरुवातीला एक पूरक सत्र ठेवावे. नकाशाशास्त्र, प्राकृतिक भूगोल आणि आठ-दहा दिवसांची क्षेत्रभेट त्यात असावी. ज्याला हे झेपेल तो पुढे जाईल.

आणखी एक वाट आहे ती स्पर्धा परीक्षांची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात. तिथे भूगोल घेणाऱ्यांत अभियंतेही असतात आणि डॉक्टरही. यात वावगे काही नाही. पण क्लासच्या टिपणांतून शिकलेला भूगोल निकालाबरोबर संपतो. उद्या हाच मुलगा मामलेदार किंवा जिल्हाधिकारी होऊन एखाद्या डोंगरकापणीच्या अर्जावर सही करणार असेल, तर त्याने निदान एक पावसाळा एखाद्या ओहोळाकाठी उभे राहून पाणी कुठून येते ते पाहिलेले असावे, एवढी अपेक्षा आपण ठेवायची की नाही?

साधनांची तक्रार तर आता कोणी करू नये. सर्वेक्षण विभागाचे नकाशे २०१७ पासून संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, इस्रोचे ‘भुवन’ आहे, क्यूजीआयएस फुकट आहे. उणीव आहे ती घरातून मिळणाऱ्या पाठबळाची. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कोणी बी.कॉम. किंवा बी.ए. मराठी झालेले पोर भूगोल शिकायचा म्हणाले, तर राजधान्या विचारू नका. आपल्या वाड्यावरचे पाणी पावसात कुठून येते आणि कुठे जाते, एवढे शोधून आण म्हणावे. उत्तर घेऊन आले तर खुशाल शिकू द्या.