जुनी स्नोमोबाइल घेताना

कॅनडातील क्वेबेक प्रांतात वाल्कूर गावच्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली. बर्फावरचे हे वाहन तेथे कोणी प्रथमच आणि जुने घेत असेल, तर त्याने इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. रबरी पट्ट्याला गेलेले तडे, स्कीखालची झिजलेली पट्टी डोळ्यांना दिसते. तारण दिसत नाही. जुन्या मालकाचे कर्ज थकले, तर कर्ज देणारी संस्था नव्या मालकाच्या दारातूनही वाहन उचलू शकते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी प्रांताच्या सरकारी तारण-नोंदवहीत शोध घ्यावा; तोही वाहनावर कोरलेला क्रमांक स्वतः वाचून, विक्रेत्याने तोंडी सांगितलेला नव्हे.