विश्लेषण : खिडकीच्या ब्लाइंडला चुण्या घालणाऱ्या हातांचे कौशल्य कागदावर कधी येणार?

पावसाळ्यात धबधब्यावरच्या गर्दीमुळे बातम्यांत येणारे चिंचोटी एरवी ओळखले जाते ते मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या नाक्यासाठी. इथूनच कामणमार्गे भिवंडीचा रस्ता फुटतो. एका बाजूला वसई पूर्वेतल्या वालीव, सातिवली, गोखिवरे परिसरातले औद्योगिक गाळे, दुसऱ्या बाजूला यंत्रमागांची भिवंडी आणि नायगावपासून विरारपर्यंत उभे राहिलेले टॉवर. टॉवर म्हटले की स्लायडिंग खिडक्या आल्या आणि त्यांच्यासाठी पडदे, ब्लाइंडही आले. त्यातला दिसायला साधा पण करायला किचकट प्रकार म्हणजे चुण्यांचा, अर्थात प्लीटेड ब्लाइंड. हे काम येणाऱ्या कामगाराकडे नेमके कोणते कौशल्य असते आणि त्याची नोंद का व्हायला हवी?

प्लीटेड ब्लाइंड म्हणजे काय?

कागदी पंख्याला असतात तशा एकसारख्या आडव्या घड्या घातलेले कापड, वर एक अॅल्युमिनियमची पट्टी (हेड रेल), खाली दुसरी (बॉटम रेल) आणि घड्यांतल्या छिद्रांतून ओवलेल्या दोऱ्या. दोरी ओढली की कापड वर गोळा होते, सोडली की खाली उतरते. कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते. पॉलिएस्टर उष्णतेने मऊ होते आणि थंड होताना दिलेला आकार धरून ठेवते. त्यामुळे ठरावीक तापमानाला दाबून घातलेली घडी टिकते. सुती साडीच्या निऱ्या धुतल्या की जातात, या चुण्या जात नाहीत, त्याचे कारण हेच. पश्चिमेच्या उन्हासाठी कापडाच्या मागच्या बाजूला धातूचा पातळ मुलामा दिलेलाही मिळतो. तो उष्णता काही प्रमाणात बाहेरच परतवतो.

मापात चूक कुठे होते?

काम सुरू होते गिऱ्हाइकाच्या घरी. खिडकीची चौकट काटकोनात असतेच असे नाही. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी घ्यावी लागते. समजा, ती १२०४, १२०१ आणि ११९८ मिमी भरली, तर चौकटीच्या आत बसणाऱ्या ब्लाइंडसाठी धरायचे माप ११९८. त्यातून ब्लाइंड घासू नये म्हणून काही मिलिमीटर सूट द्यायची.

नेहमीचा गोंधळ इथेच होतो. माप घेणारा फिटर सूट वजा करून आकडा लिहितो आणि गाळ्यातला कटिंगवाला तीच सूट पुन्हा वजा करतो. ब्लाइंड आखूड होतो, दोन्ही कडांनी उजेड शिरतो. उपाय फुकटचा आहे. ऑर्डरच्या कागदावर ‘खिडकीचे माप’ की ‘ब्लाइंडचे माप’ एवढे लिहायचे. पण ते लिहायचे असते हे कुणीतरी शिकवावे लागते.

चुण्यांचा हिशेब कसा असतो?

समजा, चुणीची एक बाजू २० मिमी आहे. म्हणजे एका पूर्ण चुणीला, दोन्ही बाजू धरून, ४० मिमी कापड लागते. ब्लाइंड पूर्ण खाली असताना ती चुणी सपाट होऊन चालत नाही, थोडी दुमडलेलीच राहायला हवी. समजा, तिने उंचीत ३० मिमी जागा घ्यावी असे ठरले. खिडकीची उंची १५०० मिमी असेल तर चुण्या लागतील ५० आणि कापड लागेल २००० मिमी, म्हणजे दोन मीटर.

आता मोजताना दोन चुण्या कमी पडल्या, तर ब्लाइंड ६० मिमी आखूड होतो. खेचून बसवला तर प्रत्येक चुणी ३१.२५ मिमीपर्यंत उघडते. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. मात्र वजन वरच्या चुण्यांवर येते, त्या सपाट होत जातात आणि खालच्या मात्र दाटीवाटीने राहतात. वर्षभरात ‘माल खराब निघाला’ अशी तक्रार येते. प्रत्यक्षात मालात खोट नसते, मोजणीत असते.

हाताचे कसब कुठे लागते?

पहिले, कापणे. कडा काटकोनात आहेत का, हे दोन्ही कर्ण मोजून तपासायचे. कर्ण सारखे नसतील तर ब्लाइंड तिरका चढणार. कापडाची कड तापत्या पात्याने बंद केली तर धागे सुटत नाहीत, पण पाते जास्त तापले की कड पिवळी पडते किंवा कडक होते.

दुसरे, छिद्रे. सगळ्या चुण्या एकत्र दाबून, शिकंज्यात धरून छिद्र पाडायचे, तरच ती एका रेषेत येतात. एक छिद्र थोडे जरी सरकले तरी दोरी तिथे घासते आणि कापड फाटायला तिथूनच सुरुवात होते.

तिसरे, दोऱ्यांचा ताण. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या सारख्या ताणात नसतील तर बॉटम रेल एका अंगाला झुकते. रुंद ब्लाइंडला मधली दोरीही लागते. शेवटी ब्लाइंड टांगून, वर-खाली करून पाहिल्याशिवाय तो पॅक करायचा नसतो. यातले एकही काम केवळ ‘मदतनीस’ या शब्दात मावत नाही.

यात सुरक्षेचा प्रश्न कुठे आला?

दोन ठिकाणी. एक गाळ्यात : धारदार पाती, अॅल्युमिनियम कापताना उडणारा कीस, तापलेल्या कापडाचा धूर आणि दिवसभर उभे राहून एकच हालचाल. चष्मा, हातमोजे, खेळती हवा आणि यंत्राचे पाते झाकणारे कव्हर या चैनीच्या गोष्टी नाहीत.

दुसरे, गिऱ्हाइकाच्या घरात. लोंबणारी दोरी लहान मुलाच्या गळ्याला फास ठरू शकते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या माहितीनुसार तिथे पाच वर्षे व त्याखालील सरासरी नऊ मुले दरवर्षी ब्लाइंडच्या दोऱ्यांत अडकून दगावतात. म्हणून तिथे डिसेंबर २०१८पासून दुकानातल्या तयार ब्लाइंडच्या आणि जून २०२४पासून मापाने बनवलेल्या ब्लाइंडच्या लोंबत्या दोऱ्यांवर मानकाने बंधने आणली. युरोपातही २०१४मध्ये मानक कडक झाले. दोरीचा फास जमिनीपासून दीड मीटरच्या वर राहावा, दोरी गुंडाळायला भिंतीवर खुंटी द्यावी, हे तिथल्या फिटरच्या कामाचा भाग आहे. दोरी किती लांब ठेवायची हे ठरवणारा कामगार कुणाच्या तरी बाळाच्या सुरक्षेचाच निर्णय घेत असतो.

प्रशिक्षणाची व्यवस्था आहे का?

चौकट आहे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा डिसेंबर २०१३मध्ये अधिसूचित झाला. वस्त्रे व गृहसजावटीच्या कापडी वस्तूंसाठी स्वतंत्र क्षेत्र कौशल्य परिषद आहे. २०१५मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची, म्हणजे पूर्वकौशल्याला मान्यता देण्याची सोय आहे. शिलाई यंत्र चालवणाऱ्याला तिचा उपयोग होतो. ब्लाइंडवाला मात्र कापड, अॅल्युमिनियम आणि फिटिंग या तिन्हींच्या मध्ये अडकतो. ऑस्ट्रेलियात ब्लाइंड आणि ऑनिंगच्या (कापडी छपऱ्यांच्या) कामासाठी वेगळा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. तिथे माप, कापणी, जोडणी अशी कामे सुटी करून तपासली जातात.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा आहे. त्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. त्याहून लहान आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. आठ-दहा माणसांचा गाळा साहजिकच त्या वाटेला जात नाही. तिथे शिक्षण म्हणजे उस्तादाच्या शेजारी उभे राहून बघणे.

मग अडते कुठे?

बघून शिकलेले काम कच्चे असते असे नाही. अनेकदा ते पुस्तकापेक्षा पक्के असते. पण गाळा बंद पडला किंवा मालक बदलला की त्या कामगाराला पुन्हा मदतनीस म्हणूनच सुरुवात करावी लागते, कारण दाखवायला कागद नसतो. कागद नाही म्हणून दर वाढवून मागता येत नाही. बिघडलेल्या ब्लाइंडचे पैसे मात्र त्याच्याच पगारातून कापले जाण्याची भीती असते, मग चूक फिटरच्या मापात का असेना.

२१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत कामगाराला नियुक्तीपत्र देण्याची तरतूद आहे. त्या पत्रात ‘मदतनीस’ लिहिले तर कायदा पाळला जाईल, पण कौशल्याची नोंद होणार नाही. ‘ब्लाइंड कटिंग व जोडणी कारागीर’ असे लिहिले तर तोच कागद पुढच्या नोकरीत पुरावा ठरेल. मालकाला यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही.

काय करता येईल?

मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. वसई पट्ट्यातल्या उद्योजकांच्या संघटना आणि आयटीआय यांनी एकत्र बसून या कामाचे पाच भाग पाडावेत : माप, चुण्यांचा हिशेब, कापणी व छिद्रे, जोडणी व तपासणी, सुरक्षित फिटिंग. प्रत्येकाची एका पानाची मराठी-हिंदी यादी करावी आणि शनिवार-रविवारी गाळ्यातच परीक्षा घ्यावी. कारागिराची रोजी बुडता कामा नये, हे त्यातले महत्त्वाचे. मान्यतेची पुढची जबाबदारी राज्याच्या कौशल्य विभागाने उचलायला हवी.

लघुउद्योगांना कुशल माणसे मिळत नाहीत, ही ओरड जुनी आहे. त्यातली बरीचशी माणसे गाळ्यातच काम करत आहेत. त्यांना कुशल म्हणून मोजलेले नाही, एवढेच. खिडकीचे माप तीनदा घेणाऱ्या धंद्याने कामगाराच्या कौशल्याचे माप निदान एकदा तरी घ्यायला हवे.