सुट्टीत घरी यायलाच हवे का?



आमच्या नात्यातली एक मुलगी वर्षभरासाठी बीजिंगला चिनी भाषा शिकायला गेली आहे. जानेवारीत तिला महिनाभराची सुट्टी लागते. इकडे रत्नागिरीत घरात लग्न आहे, आजी वाट पाहते आहे, म्हणून सगळे म्हणतात, "तिकीट काढ आणि ये." तिच्या मनात मात्र रेल्वेने लोयांग आणि शिआन ही जुनी शहरे पाहायची आहेत. मला विचाराल तर तिला जाऊ द्यावे.

भाषेची सुरुवात वर्गात होते, पण ती अंगवळणी पडते बाजारात. मी वाणिज्य शाखेची, म्हणून तिने सांगितलेला एक शब्द माझ्या चांगला लक्षात राहिला. 'माय' हा उच्चार सूर खाली नेऊन पुन्हा वर आणला तर त्याचा अर्थ विकत घेणे, आणि सूर वरून झटकन खाली आणला तर विकणे. खरेदी आणि विक्री यांत फरक फक्त सुराचा! हे वहीत कितीही घोटले तरी भाजीवालीसमोर उभे राहिल्याशिवाय कानाला कळत नाही. शिवाय बीजिंगचे लोक शब्दाच्या शेवटी 'र' घोळवतात, बाहेरगावी बोलण्याची ढब बदलते. एकाच शहरात राहून घरी परतणारीला ती कुठून कळणार?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवा. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस काही भाषेचे विद्यार्थी म्हणून गेले नव्हते. पण जखमी सैनिकांची सेवा करताना, खेड्यापाड्यांतून फिरताना ते चिनी बोलायला, लिहायला शिकले. तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी, त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. १९४२ च्या डिसेंबरात अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले, पण आजही तिकडे त्यांचे नाव आदराने घेतात. लोकांत मिसळले, म्हणूनच ते तिथल्या लोकांना आपले वाटले.

आता आपल्या घरांतली खरी काळजी, ती म्हणजे जेवणाची. वसतिगृहात निदान ती स्वतः भात-वरण करून घेते, प्रवासात काय खाणार? काळजी खोटी नाही. तिकडे पालेभाजीतही डुकराची चरबी किंवा खिमा असू शकतो आणि "मांस नको" एवढे सांगून भागत नाही. पण त्यांच्याकडे 'सू' असा शब्द आहे. 'सू' म्हणजे शाकाहार. बौद्ध विहारांच्या आसपास अशी भोजनगृहे असतात. तिथल्या जुन्या नियमात मांसाबरोबर लसूण, कांदा आणि त्याच्या जातीच्या पाती वर्ज्य, आणि गंमत म्हणजे हिंगसुद्धा! आपण कांदा-लसणाऐवजी हिंग घालतो, ते हिंगही सोडतात. बटाटा, आले, मशरूम मात्र त्यांना चालते आणि अंडे 'सू'मध्ये धरणारेही पुष्कळ. म्हणून प्रत्येक वेळी विचारावे लागतेच. पण विचारायचे तर बोलावे लागते, म्हणजे आपला नियम पाळता पाळता तिचा अभ्यासच होतो. डब्यातले ठेपले चार दिवस पुरतील, भाषा वर्षभर पुरेल.

पाण्याचे ऐकून तर मला फार बरे वाटले. तिकडे लोक गरम पाणीच पितात, रेल्वेच्या डब्यातसुद्धा उकळत्या पाण्याचा नळ असतो. उकळलेले पाणी पिणाऱ्या आपल्यासारख्यांना आणखी काय हवे!

जाऊ द्यावे म्हणजे वाऱ्यावर सोडावे असे नाही. नवीन वर्षाच्या सणाला तिकडे सारा देश गावी निघतो. गणपतीत आपल्या कोकण रेल्वेला चाकरमान्यांची जी गर्दी असते, ती अख्ख्या चीनची समजा. तिकिटे पंधरा दिवस आधी सुटतात आणि पासपोर्टवर काढावी लागतात. ऐन सणात लहान खानावळी बंद असतात, म्हणून तिने ते दिवस सोडून निघावे. हॉटेलऐवजी मैत्रिणीच्या घरी उतरली तर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करायला हवी. हा सगळा आराखडा तिने स्वतः करावा, खर्चाचा अंदाज मांडावा आणि घरी पाठवावा. मोठ्यांनी त्यातल्या त्रुटी दाखवाव्यात, आराखडा मात्र तिचाच राहू द्यावा.

आणि ती जाणार ती ठिकाणे तरी परकी कुठे आहेत? लोयांगच्या श्वेताश्व विहारात भारताने बांधलेले मंदिर आहे. २०१० साली त्याचे उद्घाटन आपल्या प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपती असताना केले. शिआनचा मोठा पॅगोडा ह्युएनत्संगाने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी बांधला गेला. तो शिकण्यासाठी सुमारे सोळा वर्षे घराबाहेर होता, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथल्या माणसांविषयी लिहून गेला. मधल्या सुट्टीत तो घरी गेला असता तर?

घरात कोणी आजारी असेल तर गोष्ट वेगळी. मग सगळे टाकून यावे, माणसापेक्षा प्रवास मोठा नाही. पण लग्नात चार माणसे विचारतील, "मुलगी आली नाही का?" एवढ्यासाठी तिची सुट्टी मागू नये. आपण तिला शिकायला पाठवले आहे. आजीला मी समजावेन, तिच्या आईला तुम्ही समजवा.