बॅग भरताना

इंडस्ट्रियल व्हिजिटची नोटीस लागली, की लेडीज होस्टेलवर पहिला प्रश्न 'कुठली कंपनी?' हा नसतो. 'काय घालायचं?' हा असतो! आणि त्याचं उत्तर शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. उचगावात राहणाऱ्याला गांधीनगर म्हणजे अंगणच. वडाप नाहीतर रिक्षा पकडायची आणि होलसेलच्या गल्लीत उतरायचं. दोन दिवसांच्या टूरला चार ड्रेस, आणि 'असू दे, लागला तर' म्हणून पाचवा. मुलांनी हसू नये. त्यांची एकच जीन्स चार दिवस चालते हे खरं, पण तिच्यावर मारायला जे स्प्रे लागतात त्यांची वेगळी पिशवी असते.

मला हौस वाईट वाटत नाही. वीस वर्षांच्या मुलीने नवीन कुर्ता घेऊ नये तर कुणी घ्यावा? माझा आक्षेप आहे तो निवडीच्या रीतीवर. कपडा फोटोत कसा दिसेल एवढंच आपण बघतो. आणि गंमत म्हणजे नोटीस काढणारेही तेच बघतात. 'विद्यार्थ्यांनी फॉर्मल्समध्ये यावे, विद्यार्थिनींनी डिसेंट ड्रेस घालावा.' झालं! डिसेंट म्हणजे काय, हे प्रत्येक सरांचं वेगळं. पण कापड कशाचं असावं, बाही कशी असावी, पायात काय असावं, याबद्दल चकार शब्द नाही.

आता शिरोली एमआयडीसीतली एखादी फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. कास्ट आयर्नचा रस ओततात तेव्हा त्याचं तापमान साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सिअस असतं. पॉलिस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं. सुती कापडावर ठिणगी पडली तर ते जळतं, भोक पडतं. पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं, मग ते सोडवताना कातडीही निघते. 'फॉर्मल्स' म्हणून आपण जे इस्त्री न मोडणारे, चकचकीत शर्ट घेतो, ते बहुतेक पॉलिस्टरचे किंवा पॉलिस्टर मिसळलेलेच असतात. म्हणजे नोटीस अगदी तंतोतंत पाळणारा मुलगाच भट्टीपुढे सगळ्यात चुकीच्या कपड्यात उभा! मुलींची तऱ्हा आणखी वेगळी. डिसेंट दिसायला ओढणी हवी, आणि फिरत्या मशिनपाशी सेफ राहायला ओढणी नको. सैल कपडा लेथजवळ नेऊ नका, हे फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्येच आपल्याला सांगतात. मग टूरची नोटीस लिहिताना हे कुठे जातं?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे कॅम्पला निघायच्या आधी सिस्टर यादी द्यायच्या. हातरुमाल किती, मोजे किती, स्वेटर कसा, प्रत्येकावर नाव शिवलेलं. आम्ही त्या यादीला मनसोक्त हसायचो. पण तिच्यात एक शहाणपण होतं. प्रत्येक वस्तूपुढे ती कशाला लागणार हे लिहिलेलं असायचं. रात्री शेकोटीला, डोंगर चढायला, पाऊस आला तर. 'डिसेंट' हा शब्द मात्र त्यात कुठेच नव्हता, आणि हे सिस्टरांच्या शाळेत!

आपण ज्या गांधीनगरला खरेदीला जातो त्या जागेची गोष्ट आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला कॉलेजला येईपर्यंत माहीत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात तिथे, वळिवड्याला, पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, आपण तिथे भेळ खातो आणि त्याच्याकडे पाठ करून बसतो.

ही माणसं इथे कशी पोचली ते वाचताना मला सारखी बॅगच आठवत होती. सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड घेतला आणि तिथल्या कुटुंबांना मालगाड्यांत घालून सैबेरिया, कझाकस्तानकडे धाडलं. पहिली मोठी तुकडी १० फेब्रुवारी १९४० ची. कडाक्याची थंडी, दारावर थाप, आणि सामान बांधायला कुणाला अर्धा तास, कुणाला थोडा जास्त. कुठे जायचं माहीत नाही. किती दिवस, तेही माहीत नाही. लोकांनी अंगावर एकावर एक कपडे चढवले, पिसांच्या रजया गुंडाळून घेतल्या. पुढे तिकडे उपासमार सुरू झाल्यावर हेच कोट, याच चादरी देऊन बायकांनी पीठ आणि बटाटे मिळवले. एक कोट म्हणजे इतक्या दिवसांची भाकरी, असा सरळ हिशोब. १९४२ मध्ये सुटका होऊन ती माणसं जहाजाने इराणच्या पहलवी बंदरात उतरली, तेव्हा उवा आणि टायफसच्या भीतीने त्यांचे उरलेसुरले कपडे काढून जाळले गेले. तिथून मदतीत मिळालेल्या कपड्यांवर ती भारतात आली.

ती इथून गेली आणि त्याच छावणीत फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर. घरदार टाकून आलेल्यांनी कापडाचा एवढा मोठा बाजार उभा केला, आणि आपण तिथे 'असू दे, लागला तर' म्हणून पाचवा ड्रेस घेतो.

म्हणून 'कमी सामान घ्या' हा उपदेश मी करणार नाही. तो सगळेच करतात, आणि तो नेहमी खरा नसतो. त्या रात्री जिने दोन रजया जास्त घेतल्या तिची मुलं त्यामुळे काही दिवस जास्त जेवली. प्रश्न किती कपडे हा नाहीच. जायचंय तिथे तो कपडा काय काम करणार, हा आहे.

आपल्या आयुष्यात सैबेरिया नाही, देवाची कृपा. आपल्याकडे जुलै आहे! कोल्हापूरच्या जुलैत वाळत घातलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही दमटच, आणि वर तो कुबट वास. याचं गणित सोपं आहे. साध्या हवेतसुद्धा कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओल धरून ठेवतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्यात जीन्सचं कापड जाड, शिवणी दुहेरी. म्हणजे भट्टीपुढे जे कापड वाईट, तेच पावसाळी प्रवासात सोयीचं. टेरीकॉटची पँट रात्री धुतली तर पंख्याखाली सकाळी घालण्याजोगी होते. जुन्या लोकांचं 'एक अंगावर, एक दांडीवर' हे गरिबीचं वर्णन होतं, मान्य. पण दांडीवरचा सकाळपर्यंत वाळायचा, म्हणूनच दोनात भागायचं ना?

आणि वाळत नाही म्हणूनच आपली दुसरी बॅग तयार होते. दर शनिवारी तावडे हॉटेलपाशी उभे राहा. सांगली, कराड, निपाणीच्या गाड्यांची वाट बघत आपलीच पोरं-पोरी उभी असतात, प्रत्येकाच्या पायाशी एक फुगलेली सॅक. तिच्यात पुस्तकं नसतात, आठवड्याचे मळके कपडे असतात. ते रविवारी घरी कोण धुतं? आईने सहा दिवस नोकरी, नाहीतर शेत, नाहीतर सगळं घर सांभाळायचं, आणि सातव्या दिवशी आपल्या तीन जीन्स घासायच्या. घरी मशिन असलं तरी भिजवणं, पिळणं, वाळत घालणं, पाऊस आला की धावत जाऊन काढणं, हे सगळं तिचंच. संध्याकाळी घड्या घातलेले कपडे आपण परत आणतो आणि मित्रांना सांगतो, 'घरी जाऊन मस्त आराम केला.' कुणाचा आराम?

याला एकटी मुलं जबाबदार आहेत असं मला वाटत नाही. रूममध्ये दोरी बांधायला बंदी, गच्चीला कुलूप, आणि मागच्या कट्ट्यावर वाळत घातलं तर सर आली की सगळं परत ओलं. मुलांनी धुवायचं ठरवलं तरी वाळवायचं कुठे? तेव्हा रेक्टर मॅडम आणि सरांना विनंती आहे. जूनच्या आधी दोन्ही होस्टेलच्या मागे पत्र्याची एक-एक शेड करून द्यावी, तिन्ही बाजूंनी वारा येईल अशी. दोऱ्या आणि चिमटे आम्ही गांधीनगरातून आणू. आणि पुढच्या व्हिजिटच्या नोटिशीत 'डिसेंट'च्या जागी एवढंच लिहावं: सुती कपडे, पूर्ण बाही, बंद बूट, ओढणी नको.